गर्दचा ओव्हरडोस झाला तर काय करायचं

मुंबईच्या वस्त्यांत गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा (हेरॉइनचा), ओव्हरडोस झाला की आजही लोक तोंडावर पाणी मारतात, लिंबू पिळतात, मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन देतात. यातलं काहीही करू नका. गर्दमुळे माणूस दगावतो तो श्वास मंदावून थांबल्यामुळे, म्हणून आपलं काम श्वासाचं.

आधी ओळखा. मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. उठत नाही, ओठ-नखं निळसर पडलीत, श्वास अडकत घरघरतोय, तर तो ओव्हरडोस. "घोरतोय, झोपू दे" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

१०८ला फोन करा. "माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही" एवढं आणि पत्ता सांगा.

आता श्वास. लोक इथेच चुकतात. पाठीवर झोपवा, तोंडात गुटखा किंवा उलटी दिसली तर बोटाने काढा. कपाळावर हात ठेवून डोकं मागे करा, हनुवटी वर उचला. नाहीतर जीभ मागे पडून वाट बंद होते. नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या. नजर छातीवर हवी. छाती वर येत नसेल तर जोर लावू नका, डोकं पुन्हा मागे करा. घाईने जोरजोरात फुंकलं की हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. किळस वाटली तर पातळ रुमाल ठेवा, पण थांबू नका. शरीरात काहीच हालचाल नसेल तर ३० वेळा छाती दाबा, मग दोन श्वास, असं चालू ठेवा.

नॅलोक्सोन, म्हणजे गर्दचा असर तोडणारं इंजेक्शन, असेल तर ०.४ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्या. दोन-तीन मिनिटांत श्वास आला नाही तर पुन्हा. झोपेच्या गोळ्या किंवा दारूवर ते चालत नाही, पण दिल्याने नुकसानही नाही. वस्तीजवळच्या सुई-सिरिंज देणाऱ्या केंद्राला ते ठेवायला लावा, अगदी भांडून.

शुद्धीवर आला की कुशीवर झोपवा आणि सोबत राहा. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, गर्दचा उरतो. तो पुन्हा गप्प होऊ शकतो. तलफ येऊन तो चिडेल, पुन्हा घ्यायला धावेल. त्याला जाऊ देऊ नका.

तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच सुटलेल्यांना पहिले दोन आठवडे रोज भेटा. जुना डोस आता त्यांना झेपत नाही. एकट्याने घेऊ नका, सोबत दारू किंवा बटण (झोपेच्या गोळ्या) नको, हे स्पष्ट सांगा आणि सरकारी केंद्रात ब्युप्रेनॉर्फिन (गर्दची तलफ आवरणारं औषध) सुरू करायला हाताला धरून न्या.