तुमच्याच नंबरची दुसरी गाडी मुंबईत फिरत असेल तर

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज आला. आदल्या दुपारी माझ्या गाडीने चेंबूरला सिग्नल तोडला होता म्हणे. आदल्या दुपारी माझी गाडी गोरेगावला, बिल्डिंगच्या आवारात, पंक्चर होऊन बसली होती. कुणाची तरी टायपिंगची चूक असेल म्हणून मी सोडून दिलं. आठ दिवसांनी पुन्हा चलन आलं. तेव्हा फोटो उघडून पाहिला. तोच रंग, तेच मॉडेल, तोच नंबर. गाडी मात्र माझी नव्हती.

ते आठ दिवस मला महागात पडले. का, ते पुढे येईलच. तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

मेसेज खरा आहे ना?

हल्ली खोटी चलनंही येतात. मेसेजसोबत एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाईल आली असेल, किंवा व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून लिंक आली असेल, तर हात लावू नका. ॲप डाऊनलोड झालं की बँक खात्यावर डल्ला पडतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाईनला फोन करा. चलन खरं की खोटं हे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या सरकारी वेबसाईटवर दिसतं. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी बाकी चलनं समोर येतात. मेसेज एकाचा आला असेल आणि आत पाच निघतील, तयारी ठेवा.

फोटो भिंग लावून बघा

इथे घाई करू नका, कारण पुढचा सगळा मार्ग यावरच ठरतो. फोटोत स्कूटर दिसते आहे आणि चलन तुमच्या कारला आलं आहे, तर ती नुसती वाचण्यातली चूक. ८ चा ३ झाला, डी चा शून्य झाला. कारमालकाला हेल्मेट न घातल्याचं चलन येतं ते असंच. त्यासाठी ऑनलाईन तक्रार पुरे, पोलीस ठाण्याची पायरी चढायची गरज नाही.

फोटोत तुमच्यासारखीच गाडी असेल तर मात्र फरक शोधायला बसा. चाकांच्या टोप्या, मागचा वायपर, छतावरचा कॅरियर, बंपरवरचा ओरखडा, डीलरचं नाव असलेली पाटीची चौकट. मागच्या काचेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ तुमच्याकडे आहे आणि तिकडे नाही, तर तोही फरकच. नंबरप्लेटकडे खास लक्ष द्या. खऱ्या हाय सिक्युरिटी प्लेटवर डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या अक्षरांत देशाचं नाव आणि खाली लेझरने कोरलेला दहा अंकी-अक्षरी नंबर असतो. कॅमेऱ्याच्या फोटोत लेझर नंबर वाचता येणार नाही, पण रेडियमवाल्याने केलेली साधी पाटी ओळखू येते. माझ्या जुळ्या गाडीची पाटी तशीच होती. पुढच्या काचेवरचं स्टिकरही बघा: पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी.

दोन्ही गाड्यांचे फोटो एकाच कोनातून शेजारी शेजारी लावून एका कागदावर प्रिंट काढा. फरकांभोवती लाल पेनाने गोल करा. ठाणे अंमलदाराला तुमची कहाणी ऐकायला वेळ नसतो, पण असा कागद तो बघतो.

पुरावा आजच, उद्या नाही

आठ दिवस महागात पडले ते इथे. आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर जेमतेम एक आठवडा रेकॉर्डिंग ठेवतो, मग त्यावरच नवं लिहितो. मी सेक्रेटरींकडे गेलो तेव्हा पंक्चर गाडीची ती दुपार पुसली गेली होती. बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग पंधरा दिवस ते महिनाभर राहतं, पण त्या भरवशावर राहू नका. पेन ड्राईव्ह घेऊन त्याच दिवशी जा. रेकॉर्डिंग कोर्टात टिकवायचं असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. सेक्रेटरींना तेवढी कल्पना देऊन ठेवा.

मला शेवटी तारलं पंक्चरवाल्याने. त्याला पैसे यूपीआयने दिले होते, त्यात वेळ मिनिटासकट होती. गॅरेजचं बिल, मॉलच्या पार्किंगची पावती, पेट्रोल पंपावरचा व्यवहार, फोनमधला लोकेशनचा इतिहास, सगळं गोळा करा. फास्टॅगचं स्टेटमेंटही काढा. सी लिंक किंवा अटल सेतूवरून गेला असाल तर तारीख-वेळ मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर कारचा टोल माफ झाला, ते बरंच झालं म्हणा. पण पैसे कापले जात नाहीत तर स्टेटमेंटवर नोंदही नाही. म्हणजे मुंबईत कधी शिरलो आणि कधी बाहेर पडलो याचा एक फुकटचा साक्षीदार गेला.

आणखी एक काम. गाडीची खरी ओळख नंबरप्लेट नाही, चेसिस नंबर आहे. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते. आरटीओच्या कामात एजंट लोक हेच करतात. अशी छाप, आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये ठेवा.

चलन भरू नका

रक्कम पाचशेची असते, कटकट नको म्हणून माणूस भरून टाकतो. पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करून तडजोड करणं. उद्या त्याच नंबरच्या गाडीने कुणाला उडवलं तर ‘गाडी तुमचीच, मागचं चलन तुम्हीच भरलंत’ असं म्हणायला जागा होते. लोकअदालतीत सवलत मिळते म्हणून दुसऱ्याचं चलन मिटवायलाही जाऊ नका. वेबसाईटवरच तक्रारीचा पर्याय आहे. प्रत्येक चलनासाठी वेगळी तक्रार टाका, फरकांचा कागद जोडा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

पोलीस ठाणं

ऑनलाईन तक्रारीने चलन रद्द होईल, ती गाडी थांबणार नाही. म्हणून लेखी अर्ज हवाच. अर्ज एका पानाचा, मराठीत, दोन प्रतींत. त्यात गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, चलनांच्या तारखा आणि ठिकाणं, त्या वेळी तुमची गाडी कुठे होती आणि पुरावा काय. शेवटी एवढंच: ‘सदर क्रमांकाची बनावट पाटी लावून अन्य वाहन वापरले जात असून त्याचा माझ्याशी संबंध नाही. तरी गुन्हा नोंदवून तपास व्हावा.’ दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. पोच न घेता उठू नका.

‘चलन चेंबूरचं, तिकडे जा’ असं ऐकावं लागेल. मला लागलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न न आणता कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, घेऊन बोळवण होते आहे असं वाटलं तर शांतपणे विचारा की फसवणूक आणि बनावटीची कलमं का लागत नाहीत. भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे ३१८ आणि ३३६ आहेत. तरीही नकार आला तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवता येतो, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. भांडून उपयोग नाही. कलम माहीत असलेल्या आणि आवाज न चढवणाऱ्या अर्जदाराचं काम लवकर होतं, असा माझा अनुभव.

पोच मिळाली की तिच्या प्रती तीन ठिकाणी द्या. एक तुमच्या आरटीओला, म्हणजे पाटीवरच्या आकड्याप्रमाणे: ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. दुसरी वाहतूक पोलिसांना. तिसरी विमा कंपनीला, ईमेलने. जुळ्या गाडीने अपघात केला तर मोटार अपघात दाव्याची नोटीस तुमच्या दारात येईल, तेव्हा हा ईमेल कामाला येतो. गाडी कोण चालवत होतं अशी विचारणा पोलिसांकडून आली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकाला उत्तर द्यावं लागतं. गप्प राहू नका, पोचेची प्रत जोडून लेखी उत्तर द्या.

ती गाडी समोरच आली तर

हे अगदी अशक्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्यात ताजमहाल हॉटेलच्या परिसरात एकाच नंबरच्या दोन अर्टिगा सापडल्या. खऱ्या मालकाला आधीपासून दुसऱ्याच्या चुकांची चलनं येत होती. चौकशीत निघालं की दुसऱ्या चालकाने कर्जाचे हप्ते थकल्यावर वसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी आपल्या नंबरातला एक आकडा बदलला होता. पण प्रत्येक वेळी मामला हप्त्यांचाच असतो असं नाही. चोरीची गाडी विकायला किंवा दरोड्याला जाताना, त्याच मॉडेलच्या आणि रंगाच्या गाडीचा खरा नंबर उचलतात, म्हणजे कुणी तपासलं तरी माहिती जुळते. २०२१ च्या अँटिलिया प्रकरणात, म्हणजे अंबानींच्या घराजवळ स्फोटकांची गाडी सापडली त्या प्रकरणात, मिठी नदीत बुड्या मारून शोध घेणाऱ्यांच्या हाती नंबरप्लेटही लागल्या होत्या. त्यामुळे समोरच्या गाडीत कोण बसलं आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. आडवं जाऊन कॉलर धरू नका. पुढून-मागून फोटो काढा, ११२ ला फोन लावा, जवळचा वाहतूक हवालदार गाठा. पोलीस आले की आधी दोन्ही गाड्यांचे कागद बघतात, म्हणून ती फाईल गाडीतच हवी.

थोडी खबरदारी

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल आणि अजून जुनीच पाटी असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट बसवून घ्या. चारचाकीला जीएसटी सोडून ७४५ रुपये आहेत. तिने नक्कल थांबत नाही, पण तुमची खरी कुठली ते लगेच दाखवता येतं. मिलन सबवे किंवा हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढलीत तर बाहेर आल्यावर पुढची पाटी जागेवर आहे का बघा. वाहून गेली असेल तर त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा, नवी पाटी घेतानाही ती लागते. गाडी विकायला फोटो टाकताना नंबर झाका.

माझी दोन्ही चलनं रद्द झाली. ती गाडी अजून सापडलेली नाही. दर रविवारी चहा झाला की मी वेबसाईटवर नंबर टाकून बघतो.