‘पुट ऑफ’चा अर्थ कसा ओळखावा आणि तो कसा वापरावा

‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे बंद किंवा दूर. पण या दोघांची बेरीज करून ‘पुट ऑफ’चा अर्थ लागत नाही. त्यापेक्षा आधी एवढंच पाहा: पुट ऑफ काय केलंय, काम की माणूस?

काम, बैठक, परीक्षा असं काही असेल तर अर्थ सरळ, पुढे ढकलणे. ‘दे पुट ऑफ द मीटिंग टिल मंडे’ म्हणजे बैठक सोमवारवर ढकलली. ‘कॉल ऑफ’शी मात्र गल्लत नको. कॉल ऑफ केलेली बैठक रद्दच झाली. पुट ऑफ केलेली अजून व्हायची आहे.

माणूस असेल तर खरी गंमत. इथे पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय अर्थ ठरवू नका. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’: त्या वासाने जेवणावरची वासनाच उडाली. (ज्याने मन विटतं ते ‘ऑफ-पुटिंग’.) ‘स्टॉप टॉकिंग, यू आर पुटिंग मी ऑफ’: बडबड थांबव, माझं लक्ष लागत नाहीये. हा वापर ब्रिटिश इंग्रजीत जास्त. आणि ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ विथ एक्सक्यूझेस’: दर वेळी काहीतरी सबब सांगून तो माझी बोळवण करतो.

आता स्वतः वाक्य करताना. ‘इट’, ‘देम’ अशी सर्वनामं मध्येच बसतात: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ साफ चूक. नाम असेल तर ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं. नाम लांबलचक असेल तर ते शेवटीच ठेवा, नाहीतर ऐकणारा ‘ऑफ’ची वाट पाहत बसतो.

पुढे क्रियापद आलं की त्याला ‘इंग’ जोडा. ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’ बरोबर. तिथे ‘टू गो’ म्हणायचा मोह होतो, तो आवरा. भूतकाळात ‘पुट’ तसाच राहतो. ‘पुटेड’ असं रूप नाही. म्हणून ‘ही पुट्स इट ऑफ’ हा वर्तमानकाळ आणि ‘ही पुट इट ऑफ’ हा भूतकाळ. फरक काय तो त्या एका ‘स’चा.

राहिला दिवा. ‘पुट ऑफ द लाइट’ कानावर पडतं आणि कळतंही, पण ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ जास्त रुळलेलं. आग विझवायची असेल तर ‘पुट आउट’.