जुना चेनसॉ घरी आणला? मग आधी या चुका टाळा

भंगारात, बंद पडलेल्या आरा मशीनच्या सांदीत नाहीतर लाकडाच्या एखाद्या जुन्या ठेकेदाराच्या टिनाच्या शेडमधी अचानक जुना चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, निघतो. आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया पट्ट्यात सागवानाचा धंदा पिढ्यानपिढ्या चालला, त्यामुळे अशा मशिनी अजूनही कुठंकुठं पडून आहेत. आणि सापडली की माणूस पहिले काय करतो, तर पेट्रोल टाकतो आणि दोरी ओढतो. हीच सगळ्यात मोठी चूक आहे भाऊ. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली मशीन त्या धुळीनं मरत नाही, ती मरते सापडल्याच्या पहिल्या दिवशी, त्या दोरीच्या झटक्यानं.

काहून? तर आत सिलेंडर कोरडा ठक्क असतो, बेअरिंगला गंज, सायलेन्सरमधी कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, आणि आपण तसंच ओढतो. पिस्टनवर ओरखडा पडला की मग तो पिस्टन शोधत बसा. त्यापेक्षा प्लग काढा, भोकातून टू-टी ऑइलचे चार थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हातानं हळू फिरवा. मग सायलेन्सर खोला, त्याला फारच थोडे बोल्ट असतात, आणि बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन पाहा. गुळगुळीत दिसला तर मशीन घ्यायसारखी. उभे ओरखडे दिसले तर भाव तिथंच पाडायचा, आणि ओरखडे का पडले ते सापडेपर्यंत नवा पिस्टन टाकायचा नाही, नाहीतर तोही त्याच वाटेनं जाईल.

ओरखडे दिसले की गावातले पोरं सिलेंडरला पॉलिश पेपर मारतात. थांबा बाप्पा. बऱ्याच जुन्या सॉच्या अल्युमिनियम सिलेंडरला आतून क्रोमचा पातळ थर असतो, तो गेला की सिलेंडर गेला, मोटरसायकलसारखं बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायची सोय त्यात नसते. काहींमधी मात्र लोखंडी स्लीव्ह असते. बारीक चुंबक बोअरला लावून पाहा, घट्ट चिकटला तर लोखंड.

ओळखण्यात लोक रंगावर जातात, नारिंगी दिसली की स्टील (Stihl, ही जर्मन कंपनी) म्हणायचं. कव्हर एकाचं, टाकी दुसऱ्याची, चेन ज्यावर फिरते तो पट्टीसारखा बार तिसऱ्याचा अशा जोडून केलेल्या मशिनी भंगारात भरपूर. स्टीलच्या पार्टवर कास्टिंगमधी नंबर असतो, त्याचे पहिले चार आकडे पाहा, ११०६ म्हणजे ०७० आणि ०९० या मॉडेलची जात, ११०८ म्हणजे ०८ मॉडेल. पण एका पार्टवरून ठरवू नका, चार-पाच पार्ट जुळले पाहिजेत, कारण कंपनी एकच पार्ट पुढच्या मॉडेललाही वापरते. ०७० च्या चायना कॉप्या भरपूर आल्यात आणि तेच डिझाइन असल्यानं लांबून फरक कळत नाही. कास्टिंगच्या कडा खरबरीत, क्रँककेसवर ठोकलेला नंबर कुठंच नाही, नुसतं चकचकीत स्टिकर, तर जर्मन म्हणून पैसे देऊ नका. १९५९ ची स्टील काँट्रा किंवा त्याच वर्षीचा हुस्कवार्नाचा पहिला सॉ, हुस्कवार्ना ९०, असं काही हाती लागलं तर त्यावरची नावाची पाटी आणि मूळ रंग जपा. नवा स्प्रे मारून आणलेली मशीन पाहिली की माझा जीव हळहळतो, रंग परत मारता येतो पण मूळ रंग परत येत नाही.

आता करंट. जुन्या सॉमधी इलेक्ट्रॉनिक नाही, ठिणगी पाडायला जुन्या गाड्यांसारखे प्वॉइंट आणि कंडेन्सर आहेत, आणि यात आपल्याकडे एक फायदा आहे. राजदूत, लुना दुरुस्त केलेला जुना मिस्त्री तालुक्याला अजून सापडतो, त्याला हे काम डोळे मिटून येतं. करंट नाही म्हणून लगेच कॉइल बदलायची घाई करू नका, बहुतेक वेळा प्वॉइंटवर काळा थर बसलेला असतो. साफ करा, पेट्रोलनं पुसा, गॅप साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवा. मॅग्नेट, म्हणजे क्रँकवरचं चुंबकाचं चाक, काढताना मात्र हातोडा नको, पुलर लावा, त्याचे पंख कडक आणि ठिसूळ असतात. क्लच काढायचा तर बहुतेक सॉमधी उलटे आटे आहेत, घड्याळाच्या दिशेनं खोलतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात पेचकस घालतात, तो पिस्टनला खड्डा पाडतो. तिथं मऊ दोरी कोंबायची, पण आधी पिस्टन एक्झॉस्टच्या भोकाच्या वर आलेला पाहिजे, नाहीतर दोरी पोर्टमधी अडकून कापली जाते.

मशीन सुरू झाली, रेस सोडली तरी आवाज खाली यायला वेळ लागतो, आडवी केली की आयडल बदलतो, असं असलं तर कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसू नका. कुठूनतरी हवा ओढते आहे. क्रँकच्या ऑइल सीलचं रबर वर्षांच्या उन्हानं कडक झालेलं असतं, नाहीतर कार्ब्युरेटर आणि सिलेंडरच्या मधलं गॅस्केट गेलेलं असतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे त्याच्यासोबतचं ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम. सील बदला, मगच ट्युनिंग. आणि ट्युनिंगमधी लोकांना कडक किंचाळणारा आवाज आवडतो, तो चुकीचा. पूर्ण रेसवर लाकडाबाहेर थोडा फडफड आवाज आला पाहिजे आणि ओंडक्यात उतरली की साफ झाला पाहिजे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट, मे महिन्यात ४५ डिग्रीच्या दुपारी हवा विरळ असते, तेव्हा बसवलेलं सेटिंग डिसेंबरच्या थंडीत सकाळी तसंच वापरलं तर मिश्रण पातळ पडतं, कारण हवा दाट झाली. थंडीत एच स्क्रू, म्हणजे कार्ब्युरेटरचा पूर्ण रेसवरचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू, थोडा बाहेर काढून परत ऐका.

ऑइल. डब्यावर जुना १६:१ चा आकडा दिसतो, म्हणजे सोळा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, तो तेव्हाच्या साध्या ऑइलचा. आजच्या चांगल्या टू-टीला मी जुन्या मशिनीत २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली घालतो. ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल कधीच नाही. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे, जुन्या पाईपाचं आणि डायाफ्रामचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं, म्हणून पाईप, फिल्टर, कार्ब्युरेटर किट पहिलेच बदला आणि काम झालं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. पावसाळ्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कार्ब्युरेटर खोलताना प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढा, गॅस्केट आणि डायाफ्रामची जागा अदलाबदल झाली की मशीन कशानंच चालत नाही.

मशीनच्या बॉडीवर पांढरी भुकटी दिसली तर तो मॅग्नेशियमचा गंज. त्यावर ॲसिड टाकू नका. तडा गेला म्हणून साध्या वेल्डिंगवाल्याकडे तर अजिबात देऊ नका, मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि पाणी टाकलं तर आणखी भडकतो.

चेन घ्यायला जाताना मापून जा. लागोपाठ तीन रिव्हेटमधलं अंतर, त्याचे निम्मे म्हणजे पिच. मोठ्या जुन्या सॉला बहुतेक .४०४ इंच पिचची चेन असते, तिला ५.५ मिलिमीटरची गोल कानस. सागवानात सिलिका असल्यानं धार लवकर जाते, त्यामुळे पेट्रोलच्या दोन टाक्या संपेपर्यंत एकदा कानस फिरवावीच लागते. जुन्या बारवर सरळ दातांची, आपल्या दोन माणसांच्या करवतीसारखी चेन दिसली तर फेकू नका. जोसेफ कॉक्सनं १९४७ मधी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून आजची वाकड्या दातांची चेन विकायला आणली, त्याआधी अशाच चेन असायच्या. ती पाटीसोबत जपून ठेवा.

जुन्या बऱ्याच सॉमधी चेनला ऑइल अंगठ्यानं पंप दाबून द्यावं लागतं, लोक ते विसरतात आणि बार निळा पडतो. आणि मशीन उसळली की चेन थांबवणारा चेन ब्रेक नसतो, म्हणून बारचं टोक लाकडात घालू नका, ती उसळून तोंडावर येते. चाचणी घ्यायची तर सरपणाचा ओंडका आडवा बांधून घ्या. उभं झाड तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणं परवानगी लागू शकते, धुऱ्यावरच्या सागवानाला मशीन लावायच्या आधी वनविभागात विचारून या.