दुभाजकाच्या पलीकडचं गिऱ्हाईक

पोळी-भाजी केंद्रासाठी मी घेतलेला पहिला गाळा पुण्यात सिंहगड रोडवर होता. भाडं ऐकून पोटात गोळाच आला, पण एजंट म्हणाला, "मॅडम, मेन रोड आहे, तीन महिन्यांत वसूल." मी गाळा पाहिला सकाळी नऊला. समोर गाड्यांची ही रांग! ती सगळी मंडळी शहराकडे, कामावर निघालेली होती, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पोळ्या नेणारा माणूस थांबतो संध्याकाळी, घरी परतताना. आणि वडगाव-धायरीकडे परतणारे सगळे दुभाजकाच्या पलीकडून जायचे. दहा पोळ्यांसाठी वळसा घालून कोण येणार? साडेसातला पोळ्या डब्यात रचून मी पलीकडच्या स्कूटर मोजत बसायचे. सहाव्या महिन्यात गाळा सोडला. करारात एक वर्षाचा लॉक-इन होता, म्हणजे आधी सोडलं तरी वर्षभराचं भाडं द्यायचं, आणि तो मी सही करताना वाचलाही होता! उरलेलं भाडं डिपॉझिटमधून गेलं.

दुसऱ्या वेळी आधी वही घेतली. एका आतल्या गल्लीत चहाच्या टपरीवर संध्याकाळी सहा ते आठ बसले, एक सोमवार, एक शनिवार आणि एक महिनाअखेरचा दिवस. जाणारे मोजले नाहीत, थांबणारे मोजले. शेजारी डेअरी, इस्त्रीवाला, भाजीच्या दोन गाड्या. बायका स्कूटर बंदही न करता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकत होत्या. पाय टेकून पोळ्या घेता येतील अशी जागा हीच. भाडं निम्मं.

कागदांत मात्र घाई नको. मंजूर नकाशात तो गाळा दुकान आहे की पार्किंग, हे आधी बघा. मीटर व्यावसायिक आहे का, फोडणीचा धूर कुठे जाणार, वरच्या मजल्यावरच्या काकू काय म्हणतात, तेही. (माझ्या काकू आता रोज सहा पोळ्या नेतात.) भाडेकरार नोंदवलेलाच हवा, 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर आहे, तेव्हा 'कशाला खर्च' म्हणणाऱ्या मालकाला नमस्कार करून निघा. शॉप ॲक्टचं, म्हणजे दुकानाच्या सरकारी नोंदणीचं, फार टेन्शन नको, मोजकेच कामगार असतील तर ऑनलाइन सूचना देऊन भागतं.

माझ्या जुन्या गाळ्यात आता पोहे-उपीट मिळतं. सकाळी नऊला तिथं उभं राहायला जागा नसते.