लेकरांच्या विश्वासाचे टप्पे: बारा धोंडे आणि एक वही

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, इस्राएल लोक यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलतात आणि गिलगालला उभे करतात. पुढे लेकरांनी ‘हे धोंडे कशाचे?’ असं विचारलं, की सांगायला निमित्त मिळावं, हा त्यामागचा एक हेतू. ख्रिस्ती घरात हेच करता येतं: लेकराच्या विश्वासाच्या प्रत्येक टप्प्याला एक धोंडा रंगवायचा आणि वहीत त्याची नोंद करायची, आणि मांडव-जेवणावळीच्या खर्चापेक्षा ते जास्त टिकतं.

वर्धा किंवा पैनगंगेच्या पात्रातले, नाहीतर जवळच्या नाल्यातले, मुठीएवढे, एक बाजू सपाट असलेले गोटे घ्या. वावरातलं ढेकूळ चालत नाही, पहिल्या पावसात विरघळतं. ब्रशने घासून धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. दगडात ओल राहिली की रंगाला फोड येतात आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात. पांढऱ्या ऑइल पेंटचा एक हात द्या, रात्रभर वाळू द्या, मग बारीक ब्रशने निळ्या रंगात तारीख आणि वचनाचा संदर्भ लिहा. मार्कर पेन वापरू नका, उन्हाने उडतं.

शेंदरी किंवा लाल रंग मात्र अजिबात नको. आपल्याकडे शेंदूर फासलेला धोंडा म्हणजे देव. शेजारीण येऊन हात जोडेल आणि लेकराच्याही डोक्यात गोंधळ होईल. धोंड्यांपुढे फुलं, उदबत्ती ठेवू नका. ते कपाटावर किंवा खिडकीत राहू द्या. बाराच भरले पाहिजेत असंही नाही.

पहिला टप्पा बाळाचा. कॅथलिक घरात स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा; अलायन्ससारख्या प्रॉटेस्टंट मंडळीत समर्पण, म्हणजे बाप्तिस्मा न देता बाळाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवणं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, कारण 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये ज्या मंडळ्या एक झाल्या त्यांत कळत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते. तेव्हा आजी एका मंडळीची आणि मामा दुसऱ्या मंडळीचा असेल, तर बाळ कोणत्या पद्धतीने न्यायचं हे दिवस ठरवण्याआधीच बोलून घ्या. वेदीपुढे वाद नको. कॅथलिक धर्ममायबाप 16 वर्षं पूर्ण झालेले आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार) झालेले लागतात. नात्यातला मान म्हणून कोणाचंही नाव दिलं की फादर ऐनवेळी नाही म्हणतात.

दाखला त्याच दिवशी वाचून पाहा. जन्मदाखल्यावरचं नाव आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. घरात ‘सोनू’ म्हणता म्हणून तेच नोंदवहीत गेलं की लग्नाच्या वेळी हेलपाटे पडतात. कॅथलिकांनी हेही लक्षात ठेवावं, की पुढे दृढीकरण आणि विवाह या नोंदी मूळ चर्चच्याच वहीत जोडल्या जातात. गाव बदललं तरी त्या चर्चचं नाव घरच्या वहीत लिहून ठेवा.

तीन ते सहा वर्षं. स्वतःच्या तोंडची पहिली प्रार्थना, मग प्रभूची प्रार्थना पाठ. इथे समारंभ नको. रात्री दिवा मालवण्याआधी म्हणून घ्या, पाठ झालं की दुसऱ्या दिवशी धोंडा रंगवा. पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव’ केलं की प्रार्थनेचं पाठांतर होतं आणि पोरगं लाजून गप्प बसतं.

वाचायला लागल्यावर पवित्र शास्त्र हातात द्या, मोठ्या अक्षराचं. पहिल्या पानावर आईबापांनी स्वतःच्या हाताने नाव, तारीख आणि एक वचन लिहावं. सुरुवात उत्पत्तीपासून केली की लेकरू लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतं. मार्कचं शुभवर्तमान घ्या: 16 अध्याय, आठवड्याला एक. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हापासून धरलं तर साधारण ऑक्टोबरच्या मध्यात संपतं. सेमी-इंग्रजीच्या पोरांची जोडाक्षरांवर गाडी अडते. तिथे तुम्ही एक ओळ, त्याने एक ओळ वाचावी.

पहिलं अर्पण लेकराच्या स्वतःच्या वस्तूचं असावं. बापाने खिशातून काढून हातात दिलेली दहाची नोट म्हणजे नुसती निरोप्याची कामगिरी. घरच्या कोंबडीची दहा अंडी झाली की एक वेगळं ठेवायला लावा, किंवा परसातल्या वालाच्या शेंगा. हंगामाच्या उपासनेत ते त्यानेच पुढे न्यावं.

सात वर्षांनंतर कॅथलिक मुलांना पहिला पापनिवेदन संस्कार आणि मग पहिलं कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर पहिल्यांदा घेणं. पांढऱ्या कपड्यांसाठी कर्ज काढू नका. मोठ्या बहिणीचा झगा चालतो.

बाराव्या वर्षी येशू यरुशलेमेला गेला होता, लूक 2. या वयात पोरापोरींना काम हवं: उपासनेत शास्त्रवाचन, संडे स्कूलमध्ये लहानांची हजेरी. आठवडाभर आधी भाग द्या, मोठ्याने तीनदा वाचून घ्या.

दृढीकरण किंवा स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पाळकसाहेबांकडे चार-पाच गावं असतात, म्हणून एका दिवसात सगळ्या वयाची पोरं उरकली जातात. ‘सोबतचे घेताहेत’ एवढंच कारण असेल तर पुढच्या वर्षी घ्या. येशू कोण, बाप्तिस्मा का, आणि नंतर काय बदलेल, ही तीन उत्तरं त्याच्याच शब्दांत आली की पुरे.

नदीत बाप्तिस्मा असेल तर काळ महत्त्वाचा. पावसाळ्यात पूर, मे महिन्यात पात्र कोरडं. डिसेंबर-जानेवारी बरं, पण कापसाच्या वेचणीचा आठवडा टाळा, नाहीतर मंडळी रिकामी दिसते. आदल्या दिवशी एकाने पात्रात उतरून पाहावं: मोठ्या माणसाच्या कमरेएवढं पाणी, तळाला रेती किंवा दगड. काळ्या गाळात पाय रुततो आणि पाळकांसह सगळे घसरतात. कोरडे कपडे आणि घोंगडी काठावर तयार ठेवा, पहाटेचा गारठा असतो.

प्रत्येक धोंड्याची नोंद 100 पानी वहीत करा: तारीख, कोण हजर, लेकराने काय विचारलं. हा शेवटचा रकाना सगळे रिकामा ठेवतात, आणि तोच पुढे पुन्हा पुन्हा वाचला जातो. पोरगं नागपूरला शिकायला गेलं की धोंडे घरीच राहू द्या, वहीची झेरॉक्स बॅगेत घाला.