टेस्टर दिसला की भान हरपतं: लिपस्टिक-ब्लश घेताना या चुका टाळा

परवा तुळशीबागेत पिना घ्यायला गेले होते. शेजारी एक मुलगी उभी. मनगटापासून कोपरापर्यंत हातावर लिपस्टिकच्या रेघा, शाळेच्या वहीसारख्या एकाखाली एक. मी मोजल्या. सतरा. मैत्रिणीला विचारत होती, "यातली कुठली छान दिसेल गं?" हातावर लावून फिरणार असशील तर सगळ्याच, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

नवऱ्या मुलींचा मेकअप करायला लागून मला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत चुका बदललेल्या नाहीत, फक्त वस्तू महाग झाल्यात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हातावरच्या रेघांपासूनच सुरुवात करू. हाताची कातडी आणि ओठांची कातडी यांचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडे बहुतेक जणींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असतो, कडा तपकिरी असतात, खालच्या ओठाचा मधला भाग तेवढा गुलाबी. हातावर गोडगोड दिसलेली पीच न्यूड अशा ओठांवर गेली की वर चिखल आणि खाली खडू. अगदी ओठांना लावायचीच नसेल तर बोटाच्या टोकाला, आतल्या गुबगुबीत भागावर लावून बघा. तिथला रंग ओठांच्या जरा तरी जवळचा असतो.

एका दमात दहा शेड

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्याकडची नवरी, दुपारचा मुहूर्त, डाळिंबी शालू. आदल्या आठवड्यात मावशीला घेऊन मॉलमधल्या एका बड्या परदेशी ब्रँडच्या काउंटरवर गेली होती. ओठांवर अकरा शेड लावून बघितल्या. अकरावी पसंत पडली. फोटो पाठवला मला, ओठांवर खरंच सुंदर लाल रंग दिसत होता. मी म्हटलं, घेऊन टाक. ती माझीही चूक, कबूल आहे. ओठ चोळून चोळून किती लाल झालेत ते फोटोत कळत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

होतं काय, ओठांची कातडी मुळात पातळ. टिश्यूने खसाखसा चार वेळा पुसली की रक्त वर येतं, ओठ लालबुंद होतात. त्यात लाल-गुलाबी शेडमधले काही रंग ओठात मुरतात, पुसून जातच नाहीत. म्हणजे पाचवी शेड तुम्ही तुमच्या ओठांवर लावतच नसता, आधीच्या चारांच्या डागांवर लावता. अकरावीला तर विचारायलाच नको.

लग्नाच्या दिवशी ओठ आपल्या मूळ रंगावर आलेले. लिपस्टिक लावली आणि मी दोन पावलं मागे सरकले. खालचा ओठ शेंदरी, वरचा विटकरी. एका तोंडात दोन लिपस्टिक. डाळिंबी शालूशेजारी तर आणखीच भडक. बाहेर गुरुजी "मुलीला बोलवा"ची पहिली हाक देऊन गेलेले. नवरीच्या डोळ्यांत पाणी, आणि डोळ्यांचा मेकअप नुकताच झालेला.

माझ्या पेटीत तुळशीबागेतली एक मरून लिप पेन्सिल होती, दीडशेच्या आतली. ती नुसती कडेला न फिरवता दोन्ही ओठ तिनेच भरून काढले, टिश्यू दाबला, आणि वर त्या महागाच्या लिपस्टिकचा ठिपका बोटाने थापला. दोन्ही ओठ एका रंगाचे झाले, शेंदरीपणा दबला. मावशी वाकून बघत म्हणाली, "बघ, महागाचं ते महागाचंच!" माझ्या तोंडात पिना होत्या म्हणून मी गप्प बसले.

तेव्हापासून माझा नियम: एका दिवसात तीन शेड, त्याही फिक्याकडून गडदकडे, आणि दोन शेडच्या मध्ये दहा मिनिटं दुसरीकडे भटकून यायचं. पुसायला कोरडा टिश्यू नाही. माझ्या पर्समध्ये खोबरेल तेलाची बोटभर बाटली असते. कापसावर दोन थेंब, हलक्या हाताने, झालं. तिसरी लावली की दुकानाच्या दारात जाऊन उभं राहायचं, उजेडात. दुकानातले पिवळे दिवे सगळ्यांनाच सून म्हणून पसंत करतात. दारात उभी राहिल्यावर सेल्सगर्ल अस्वस्थ होते, होऊ दे. "मॅडम, एकच पीस शिल्लक आहे" म्हणेल. म्हणू दे. मग घरी जायचं, ओठांवर ती तशीच ठेवून.

उष्टं

दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावायचं नाही, वरून प्यायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. आणि हेच पाळणारी बाई शंभर जणींच्या उष्ट्या टेस्टरला, म्हणजे दुकानात लावून बघायला ठेवलेल्या लिपस्टिकला, थेट ओठ लावते. ओठांवर ज्या पुळ्या येतात त्या हर्पीसच्या विषाणूमुळे, आणि तो एकदा अंगात शिरला की कायमचा पाहुणा. कांडीची लिपस्टिक असेल तर वरचा थर टिश्यूने पुसा, त्यावर स्पिरिटचा फवारा मारायला सांगा, मग इअरबडने खरवडून घ्या. लिक्विड लिपस्टिकच्या टेस्टरला मी हातच लावत नाही. तिची कांडी प्रत्येकीच्या ओठावरून परत त्याच नळीत बुडते, तिथे पुसून काय उपयोग?

पाण्याने जात नाही म्हणे

लिक्विड मॅट विकताना काउंटरवर हातावर रेघ ओढतात, वर पाणी ओततात, चोळून दाखवतात. "बघा मॅडम, ट्रान्सफर-प्रूफ." खरंच जात नाही. या लिपस्टिकमध्ये आयसोडोडेकेनसारखा उडून जाणारा द्रव असतो. तो उडाला की ओठांवर रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. त्याला पाण्याचं भय नाही, चहाचंही फारसं नाही. पण तेल लागलं की तो सुटतो. आणि आपण जेवतो काय?

म्हणून माझी कसोटी मिसळीची. नवी लिपस्टिक लावायची आणि तर्रीवाली मिसळ खायची, पावासकट. मिसळीनंतर कडेला रेघ उरून मध्ये ओठ उघडा पडला, तर ती शेड लग्नाच्या पंगतीत चालणार नाही. नुसती मिटिंगसाठी हवी असेल तर खुशाल घ्या. कडेची रेघ न उरता सगळीकडून सारखी फिकी झाली तर ती मला टिकलेल्या लिपस्टिकपेक्षाही आवडते, कारण तिच्यावर दुसरा हात नीट बसतो.

इथेच उतावळ्या मुलींचं एक दुखणं सांगते. लावली रे लावली की ओठावर ओठ घासून "म्म्म" करतात. ते कांडीच्या लिपस्टिकला ठीक. लिक्विड मॅट अर्धवट सुकलेली असताना ओठ घासले की पापुद्रा मध्येच तुटतो, त्याच्या भुकट्या होतात, मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा, आणि शेवटी मला फोन, की ताई, ही कंपनीच बेकार आहे. कंपनी बेकार नाही गं. दोन मिनिटं ओठ विलग ठेवून गप्प बसायचं, एवढंच होतं. खाली लिप बाम थापून लगेच वर मॅट लावणाऱ्यांचंही तेच. बाम पंधरा मिनिटं आधी लावायचा आणि पुसून टाकायचा.

ब्लश, म्हणजे दुसरं दुखणं

लिपस्टिक चुकली तर पुसता येते. ब्लश चुकला की सगळा बेस, म्हणजे खालचा फाउंडेशनचा थर, उतरवावा लागतो, म्हणून इथे मी जास्त चिडते.

सध्या सगळ्यांना लिक्विड ब्लश हवा असतो. गायिका सेलेना गोमेझच्या रेअर ब्यूटी ब्रँडपासून दीड-दोनशेच्या देशी बाटल्यांपर्यंत सगळीकडे तेच. घ्या ना, चांगली वस्तू आहे. पण फाउंडेशन, त्यावर कॉम्पॅक्टचे दोन थर, आणि त्यावर हा ओला ब्लश असा क्रम लावला तर पावडर ओली होते, गोळा होते, आणि गालावर ठिकठिकाणी पोपडे. माझ्या चुलत बहिणीने हे साखरपुड्याच्या दिवशी केलं आणि पोपडे लपवायला वर आणखी कॉम्पॅक्ट मारली. अल्बममध्ये तिचे गाल पावसाळ्यानंतरच्या भिंतीसारखे आलेत. आधी ओलं, मग कोरडं. क्रीम किंवा लिक्विड ब्लश पावडरीच्या आधी, पावडर ब्लश पावडरीच्या नंतर. यात हुशारी करायला जागा नाही.

आणि बाटलीतली कांडी थेट गालाला टेकवायची नाही. या ब्लशमध्ये रंग ठासून भरलेला असतो; एक ठिपका एका गालाला पुरून उरतो. मी तो आधी हाताच्या पाठीवर घेते, ओल्या स्पंजने टिपते, मग गालावर थोपटते. घासत नाही, थोपटते.

"हसा आणि जो भाग वर येतो त्यावर लावा" हे कोणी शिकवलं देव जाणे. हसू ओसरलं की तो गोळा खाली येतो आणि ब्लश नाकपुडीच्या रेषेत लोंबतो. विशीत चालून जातं. पस्तिशीनंतर चेहरा दमलेला दिसतो. मी न हसता, गालफडाच्या हाडावर लावते.

शेडची चूक मात्र शिकलेल्या-सवरलेल्या बायकाही करतात. डबीत बघून घाबरतात. गडद जांभळट, विटकरी, पिकल्या करवंदासारखा ब्लश दिसला की "अगं बाई, हा किती भडक!" आणि मग फिका बाळगुलाबी उचलतात. तो फिका होतो कशाने? पांढऱ्या रंगाने. गहूवर्णी किंवा सावळ्या गालावर त्यातलं पांढरंच वर दिसतं, गुलाबी बुडतं, आणि गाल राखाडी होतात, विभूती लावल्यासारखे. नार्स या परदेशी ब्रँडचा 'ऑर्गॅझम' नावाचा ब्लश १९९९ पासून जगभर गाजतोय, पीच-गुलाबी, सोनेरी चमक. गोऱ्या गालावर त्याचं कौतुक खरंच आहे. सावळ्या गालावर रंगापेक्षा चमकच जास्त दिसते. नाव गाजलेलं असलं म्हणून गाल बदलत नाहीत. सावळ्या मुलीने तो डबीतला 'भडक'च घ्यावा आणि ब्रश नुसता टेकवून झटकावा.

आई लिपस्टिकचेच दोन ठिपके गालावर चोळायची. मीही घाईत तेच करते. कांडीच्या, मऊ लिपस्टिकने करा. लिक्विड मॅटने केलंत तर तो ठिपका तिथेच वाळतो आणि रात्रीपर्यंत गोवर आल्यासारख्या फिरता.

महाग, स्वस्त आणि 'फर्स्ट कॉपी'

टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली तेव्हापासून देशी की परदेशी ही चर्चा चालू असावी. माझं मत विचाराल तर पावडर ब्लशवर पैसे उडवू नयेत. त्यात मुख्यतः टाल्क किंवा मायका, रंग आणि तो दाबून बसवायला थोडं तेल. महागात पावडर बारीक दळलेली असते, डबीचं झाकण टक्कन मिटतं, आरसा बरा असतो. फरक आहे, पण दहापट नाही. लाल लिपस्टिकवर मात्र मी खर्च करते, कारण स्वस्त लालमध्ये दोन तासांनी रंग ओठांच्या रेघांतून बाहेर ओघळलेला मी फार वेळा बघितलाय.

'फर्स्ट कॉपी' म्हणजे नक्कल, हे स्वतःला समजावून सांगा. दोन हजारांची लिपस्टिक अडीचशेला कोणी देत नसतं. आपल्या नियमांत प्रसाधनांच्या रंगांतलं शिसं दहा लाख भागांत २० भागांपेक्षा जास्त चालत नाही. नक्कल करणारा ते मोजत बसत नाही. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा, देशी मालावर उत्पादन परवाना आणि बॅच नंबर. नसेल तर ठेवून द्या. त्यापेक्षा दोनशेची खरी देशी लिपस्टिक कधीही घ्या.

आता उरलेल्या चुका, भराभर. जत्रेतली हिरवी लिपस्टिक "तुमच्या स्वभावाप्रमाणे" गुलाबी होत नाही; त्यातला सीआय ४५४१० (सीआय म्हणजे खोक्यावर छापलेला रंगाचा क्रमांक) हा रंग ओठांवर गेला की सगळ्यांचाच गुलाबी होतो, सासूचाही. शाकाहाराबाबत काटेकोर असाल तर सीआय ७५४७० वाचा, तो कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. नवी वस्तू लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा उघडायची नाही, दोन दिवस आधी कोपराच्या आत लावून बघायची. ब्लशची डबी कडक होऊन रंग उठत नसेल तर फेकू नका. ब्रशने गालावरून आणलेलं तेल वर साचलेलं असतं, वर चिकटपट्टी लावून ओढा. आणि हो, ब्रश धुवा.

त्या सतरा रेघांच्या मुलीने काय घेतलं ते राहिलंच. नवव्या आणि दहाव्या रेघेचे रंग घामाने एकमेकांत उतरून मध्ये एक तिसराच रंग झाला होता. तो तिला आवडला. मी पिना घेऊन निघाले तेव्हा दुकानदार पुडे उपसून तो शोधत होता.