"सॉइल टेस्ट झालीय" म्हणजे नेमकं काय झालंय? जुना गाळा घेताना या चुका टाळा

"सॉइल टेस्ट झालीय ना, रिपोर्ट आहे की!" असं म्हणत मालक फाइल पुढे सरकवतात. उघडावी तर आत एसपीटीचे (जमीन किती घट्ट आहे ते ठोकून बघण्याच्या चाचणीचे) आकडे, मुरूम कुठे संपला, पाषाण किती मीटरवर लागला, पाया किती भार पेलेल. हा रिपोर्ट इमारतीच्या पायासाठीचा. मातीत क्रोमियम आहे का, खालच्या पाण्यात डिझेल उतरलंय का, याबद्दल त्यात एक ओळ नसते. साकीनाका, कुर्ला, भांडुपकडे जुने गाळे बघताना ही गफलत इतक्यांदा भेटलीय की मी आता फाइलमध्ये आधी लॅबचा, रसायनांच्या आकड्यांचा तक्ता शोधतो.

मग मालकांना सुचतं, "पायासाठी खोदणाऱ्या त्याच रिगवर (खोदण्याच्या मशीनवर) तुमचंही प्रदूषणाचं सॅम्पल काढून घ्या, खर्च वाचेल." इथेच घोळ होतो. पायासाठीचं ड्रिलिंग पाणी सोडून चालतं आणि ते पाणी येतं टँकरचं. एकदा आमच्या रिपोर्टमध्ये क्लोरोफॉर्म आला. जागेच्या इतिहासात त्याचा मागमूस नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की टँकरमध्ये क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी होतं, आणि क्लोरीनमुळे असं पाणी थोडाफार क्लोरोफॉर्म घेऊनच येतं. भरणी आणि मुरमात कोरडं खोदा. पाषाणात पाण्याशिवाय गत्यंतर नसेल तर त्या पाण्याचीही एक बाटली लॅबला द्या, आणि जितकं पाणी आत सोडलं त्याहून जास्त उपसल्याशिवाय सॅम्पल घेऊ नका.

खोदण्याआधी मात्र जुन्या वॉचमनकाकांसोबत एक चहा घ्या. एका गाळ्यात भिंतीच्या तळाशी हळदीसारखा पिवळा डाग होता. मालक म्हणाले, ओल आहे. काका म्हणाले, "इथं प्लेटिंगच्या टाक्या होत्या साहेब, पाणी मागच्या चेंबरला जायचं." प्लेटिंग म्हणजे धातूला मुलामा देणं. त्या एका वाक्याने तपासणीची यादीच बदलली: हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप), निकेल, सायनाइड. गॅरेज असतं तर पेट्रोल-डिझेल आणि बेंझीन शोधलं असतं, ड्रायक्लीनिंग असतं तर त्यात वापरतात ते पर्क्लोरोइथिलीन. लॅबला नुसतं "सगळं तपासा" सांगितलं तर ती आपलं ठरलेलं पॅकेज तपासते, आणि नेमकं हवं ते त्यात नसतं.

पाऊस, भरती आणि पाइपाच्या फटी

पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं, पर्क्लोरोइथिलीन तळाला जातं. मे महिन्यात पाण्याच्या सॅम्पलसाठी बोअर केला, फटींचा पाइप (ज्याच्या फटींतून पाणी आत येतं तो) तेव्हाच्या पाण्याच्या पातळीखालीच बसवला, आणि ऑगस्टमध्ये पाणी आणखी वर चढलं, तर तेलाचा थर फटींच्या वरच राहतो. रिपोर्ट स्वच्छ, जागा नाही. फटी उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या दोन्ही पातळ्या कव्हर करतील अशा ठेवा, आणि सॅम्पल दोन्ही मोसमांत घ्या. खाडीलगत भरतीओहोटीचाही खेळ असतो. तिथे पाण्याचा प्रवाह कुठल्या दिशेला जातो हे ठरवायला किमान तीन बोअर हवेत आणि त्यांची पातळी एकाच वेळी मोजायला हवी. खारटपणा वाढलेला दिसला की लगेच शेजारच्या कारखान्यावर बोट ठेवू नका, समुद्र जवळच आहे.

आपल्या काळ्या खडकाचंही तसंच. बसाल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं नैसर्गिकरीत्याच बऱ्यापैकी असतं. म्हणून कामाच्या जागेपासून लांबची, हात न लागलेली मातीही तपासायची, तुलनेला. धातूंच्या सॅम्पलच्या बाटलीत ते टिकावेत म्हणून ॲसिड असतं; पाणी गढूळ असताना थेट तिच्यात भरलं तर गाळातले धातू विरघळून आकडा फुगतो. पाण्यात विरघळलेले धातू मोजायचे तर आधी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

बाटल्यांबाबत दोनच गोष्टी, पण त्याच सगळ्यात जास्त चुकतात. पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांसाठी 40 मिलीची कुपी काठोकाठ भरा, उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या. हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत ॲसिड घालायचं नाही (ॲसिडने त्याचं रूपच बदलतं), आणि ती 24 तासांत तपासली जायला हवी. शनिवारी संध्याकाळी काढून सोमवारी लॅबला पोचवलेली बाटली बाद समजा. बर्फाचा डबा दोन्हींना हवाच.

रिपोर्ट आला की "बीडीएल" बघून निश्चिंत होऊ नका. बीडीएल म्हणजे "मोजण्याच्या मर्यादेखाली", शून्य नव्हे. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. लॅब 0.05 च्या खालचं मोजूच शकत नसेल तर त्या बीडीएलचा काय उपयोग? लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका, हवी ती चाचणी तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते बघा. जुलै 2025 मध्ये केंद्राने प्रदूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणलेत, साफसफाईचा खर्च जबाबदार ठरणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. तेव्हा बीडीएलच्या शेजारी मर्यादेचा आकडा छापलेला नसेल तर पेमेंट करण्याआधी रिपोर्ट परत पाठवा.